भोंग्यावरच्या साळूआक्का

उंबरटेपात सकाळी साडेसहाला देवळातला भोंगा बोलतो. आधी थोडी खरखर होते, मग एक बाई खाकरते, आणि मग ओढ्यापल्याडच्या शेवटच्या घरालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती सांगते की आज नळाला पाणी किती वाजता, रेशनचा टेम्पो हिर्डोशीपर्यंत आलाय की भोरलाच अडकलाय, आणि तात्यांचा हुकूम काय आहे. ही बाई म्हणजे साळूबाई, साऱ्या वाडीच्या आक्का. वय पासष्टच्या पुढं, उंची बेताची, आणि आवाज असा की भोरचा माईकवाला एकदा मशीन दुरुस्त करायला आला तेव्हा म्हणाला होता, आजी, तुम्हाला मशीनची गरज नाही, उगाच वीज जाळताय. आक्कांना ते फार आवडलं होतं. माईकवाल्याला त्यांनी जेवू घालूनच सोडलं.

तात्या म्हणजे आनंदराव, आक्कांचे धाकटे भाऊ. बावीस वर्षं गाव त्यांच्या मुठीत आहे. खुर्चीवर सरपंच कोणी का असेना, चालवणार तात्या. मधली पाच वर्षं खुर्ची बायकांसाठी राखीव झाली तर आक्काच सरपंच झाल्या, म्हणजे हुकूम तोच, फक्त सही दुसऱ्या हाताची. निवडणूक म्हणून उंबरटेपात कधी झालीच नाही. एसटी थांबते तिथं पाटी आहे, 'बिनविरोध गाव', आणि ती दर दिवाळीला रंगवतात. कुणाला फॉर्म भरायची इच्छा झालीच तर तात्या त्याला चहाला बोलावत. चहा पिऊन माणूस घरी जाईपर्यंत इच्छा गेलेली असायची.

आता तात्या वाईट होते का, तर तसंही सांगता येत नाही. डोंगरावरून नळाचं पाणी त्यांनीच आणलं. खालच्या दोन गावांच्या जमिनी पुण्याच्या लोकांनी घेऊन तिथं कुंपणं घातली, फाटकांवर कुत्री बांधली. उंबरटेपाची एक गुंठा जमीन गेली नाही ती तात्यांच्या धाकामुळंच. पण तो धाक मग सगळीकडंच पसरला. पत्ते बंद. लग्नात डीजे बंद. ग्रामसभेत मोबाईल वर धरून व्हिडिओ काढणं बंद. सात ते आठ हरिपाठ, तेवढा वेळ टीव्ही बंद. बायांनी मॅक्सी घालून उंबऱ्याबाहेर येणं बंद. मिसरी बंद. आणि ह्यातली प्रत्येक बंदी गावानं ऐकली ती आक्कांच्या तोंडून.

मिसरीबंदीचा हुकूम आक्कांनी सांगितला तेव्हा त्यांच्या डाव्या गालात मिसरीच होती. भोंग्यावर त्या दिवशी आवाज जरा भरल्यासारखा आला, एवढंच. मॅक्सीचं तर विचारूच नका. देवळाचं कुलूप लावून घरी गेल्या की आक्का निळ्या फुलांची मॅक्सी घालून, वर टॉवेल टाकून, आपल्याच अंगणात जोंधळे निवडत बसायच्या. कुणी बघितलंच तर म्हणायच्या, आंगण उंबऱ्याच्या आत धरायचं असतं. हरिपाठाच्या वेळी टाळ वाजवायला पहिल्या त्या, आणि आठ वाजता उठताना शेजारणीच्या कानाला लागून विचारायच्या पहिल्या त्याच, की त्या मालिकेतल्या मोठ्या सुनेचं पुढं काय झालं.

पत्तेवाल्यांचं तर त्यांनी वेगळंच लावून दिलं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला कधी कधी भोंगा विनाकारण बोलायचा, "तात्या आंगुळीला गेल्यात." बस, इतकंच. तात्यांना वाटायचं, बहीण आपला मान राखते, साऱ्या गावाला आपली आंघोळ कळवते. पारामागच्या गोठ्यातल्या पत्तेवाल्यांना कळायचं, वीस मिनिटं आहेत.

हे असं ऐकलं की वाटतं बाई मिश्कील आहे, आतून गावाच्या बाजूनं आहे. पण तेही पुरतं खरं नाही. आक्कांना तो भोंगा आवडायचा. आपण खाकरलं की पन्नास घरांतले लोक भाकरीचा हात थांबवतात, हे त्यांना माहीत होतं. आणि कधी कधी त्यांनी हुकूम सांगितला तो मनापासून सांगितला. चिमाजीनं पुण्याच्या माणसाकडून जमिनीचा विसार घेतला तेव्हा वर्षभर त्याच्या घरी कुणी जायचं नाही, हे आक्कांनीच सांगितलं होतं, ठणठणीत. त्याच वर्षी चिमाजीची आई गेली. खांदा द्यायला हिर्डोशीहून पाव्हणे चालत आले. ती म्हातारी आणि आक्का लहानपणी गौरीला एकमेकींचे हात धरून फुगड्या खेळलेल्या. आक्का गेल्या नाहीत. त्या वर्षाचं नाव काढलं की आजही आक्का उठून दुसऱ्या कामाला लागतात.

तात्यांना घडवलं आक्कांनीच. आई गेली तेव्हा आनंदराव आठ वर्षांचे, आक्का पंधराच्या. त्यांनी भावाला पदराखाली घेतलं, भाकरी शिकवली, शाळेला डोंगर उतरवून नेलं. पुढं आक्कांचं लग्न मार्गासनीला करून दिलं. तिथं त्यांचं सासूशी फार पटलं, नवऱ्याशी अजिबात नाही. नवरा मुंबईला गेला आणि त्यानं तिकडं दुसरा संसार थाटला, तेव्हा सासूच त्यांना घेऊन माहेरी आली. येताना डोक्यावर भाताच्या बियाण्याचं गाठोडं. म्हणाली, माझ्या लेकात काही राम नाही, हे बियाणं मात्र चांगलं आहे. तेव्हापासून आक्का उंबरटेपात. भावाला त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या, रडायचं नाही आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द मागं घ्यायचा नाही. आक्का स्वतःच म्हणतात, "त्याला म्या रडू नगं म्हणलं. आता त्यो रडत न्हाई, गाव रडतंय."

आणि आक्का भात लावायच्या. हे सांगितल्याशिवाय आक्का कळायच्या नाहीत. लावणीच्या दिवसांत भोंगा बंद करून त्या थेट चिखलात उतरायच्या. ओळीचं उजवं टोक त्यांचं. त्या ओवी उचलायच्या, बाकीच्या झेलायच्या, आणि पस्तीस-चाळीस बायकांचे हात एका वेळी खाली जायचे. आमच्याकडं लावणी इर्जिकीनं होते. घरटी एक बाई, आज ह्याच्या खाचरात, उद्या त्याच्या. मजुरी नाही. ज्याचं खाचर त्यानं दुपारचं जेवण घालायचं, आणि ज्याच्या खाचरात गाव आलं त्यानं पुढच्या सगळ्या इर्जिकींना जायचं. कुणाची पाळी कधी, ते आक्कांच्या डोक्यात. कागदावर कुठंच नाही.

तर मेमधल्या ग्रामसभेत ज्ञानू उभा राहिला. चाळिशीचा माणूस, काही वर्षं भोरला टेम्पो चालवून परत आलेला. म्हणाला, यंदा मी फॉर्म भरणार आहे. तात्या हसले आणि त्याला चहाला बोलावलं. ज्ञानू गेला, चहा प्याला, कप विसळून पालथा घातला, आणि म्हणाला, तरीबी भरणार. निघताना ओट्यावर बसलेल्या आक्कांना म्हणाला, "आक्का, तुमचा आवाज एवढा मोठा. बावीस वर्सांत त्यात तुमचं सोताचं एक वाक्य ऐकलं न्हाई म्या."

हे आक्कांना लागलं. फार लागलं. म्हणून जुलैत लावण्या सुरू झाल्या आणि तात्यांनी सांगितलं, ज्ञानूच्या खाचरात कुणी जायचं नाही आणि त्याच्या घरचं कुणी इर्जिकीत घ्यायचं नाही, तेव्हा आक्कांनी तो हुकूम एका दमात, न अडखळता सांगितला. कसली खूण नाही, खाकरणं नाही. वाडी ओळखून चुकली की ह्या वेळी बाई खरंच रागावली आहे.

आठ-दहा दिवस गेले. एके दिवशी आक्का दुसऱ्याच्या लावणीवरून ओढ्याच्या वाटेनं परत येत होत्या. वाट ज्ञानूच्या बांधावरून जाते. ज्ञानूनं आपल्या बैलांनी आठही खाचरांचा चिखल करून ठेवला होता. चिखलाला दोन बैल पुरतात, लावायला माणसं लागतात. एका कोपऱ्यात अर्धं खाचर लावून झालेलं, आणि त्यात एकटी रत्ना, ज्ञानूची बायको, वाकलेली. तिनं वर बघितलं, पदर सारखा केला, आणि जणू काही झालंच नाही अशी म्हणाली, "आक्का, दमलाव. बसा, पानी देते."

आक्का बसल्या नाहीत. तरव्याच्या, म्हणजे रोपांच्या वाफ्याच्या कडेला गेल्या. रोपं गर्द, दाट, गुडघ्याच्या वर आलेली, शेंडे पिवळे पडायला लागलेले. त्यांनी एक रोप उपटलं आणि नखानं चिरलं. आत कांडं धरायला लागलं होतं. अजून चार-पाच दिवस, मग ते रोप लावलं काय आणि न लावलं काय, फुटवा यायचा नाही.

किती दिवसांचं झालं, आक्कांनी विचारलं. तीस, रत्ना म्हणाली. मग पुन्हा वाकली आणि वाकल्या वाकल्याच बोलली, "जेवढं हुईल तेवढं आमी दोगं लावू. ऱ्हायलेलं बैलांना घालू."

ती रडून बोलली असती, टोमणा मारला असता, तर आक्का तशाच तरातरा निघून गेल्या असत्या. पण आठ खाचरांचा तरवा, आणि बैलांना. आक्का घरी आल्या ते पाय न धुता थेट भावापुढं.

त्यांनी आधी सरळ सांगून बघितलं. ज्ञानूचं काय करायचं ते कर, निवडणुकीत पाड, पण तरवा वाया घालवू नकोस. तात्या खुर्चीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. म्हणाले, भोंग्यावरनं सांगून झालंय.

"सांगितलं म्याच. मीच मागं घेते."

"एकदा तोंडातनं गेलेलं मागं घ्यायचं न्हाई, हे मला कुनी शिकवलं आक्का?"

आक्का बाहेर आल्या. त्या जेवल्या नाहीत. मॅक्सी न घालता तशाच ओल्या लुगड्यात अंगणात बसून राहिल्या. मग उठून देवळात गेल्या, कुलूप उघडलं, आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं की उद्याची इर्जिक तात्यांच्या ओढ्याकडच्या खाचरात आहे, घरटी एक बाई, सहाला निघायचं. पाळी तात्यांचीच होती, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. तात्यांनी सुनेला, सुलक्षणाला, चाळीस माणसांच्या जेवणाचं सांगितलं. तिनं मसाला वाटला, भाकऱ्यांसाठी शेजारच्या दोघी सांगितल्या, आणि स्वतः लावणीला जायची तयारी केली. घरच्या खाचरात घरची सून हवीच.

सकाळी धुकं होतं. आमच्याकडं जुलैत धुकं म्हणजे पुढच्या माणसाची फक्त खोळ दिसते, माणूस दिसत नाही. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या-निळ्या खोळी डोक्यावर घेऊन पस्तीसेक बायका एकामागे एक उतरत होत्या, आणि सगळ्यांत पुढं आक्का. तात्यांचं आणि ज्ञानूचं शिवार लागून, मध्ये एक रुंद बांध. बांधाच्या डाव्या हाताला तात्या, उजव्या हाताला ज्ञानू. आक्का बांधावर आल्या आणि उजवीकडं उतरल्या.

बायका थांबल्या. ह्या बायकांना अख्ख्या शिवारातला प्रत्येक बांध तळपायांनी ओळखू येतो. डोळे बांधले तरी त्या चुकायच्या नाहीत. खोळींवर पाणी टपटपत होतं. शेवटी सुलक्षणाच पुढं आली, कारण बोलायचा हक्क तिचाच होता. हळूच म्हणाली, "आत्या, आपलं खाचर तकडं हाय."

आक्का वळल्या. "तुला दिसतंय?"

सुलक्षणानं डावीकडं बघितलं. मग उजवीकडं बघितलं. तिला काय काय दिसलं ते तिचं तिला माहीत. सासरा दिसला असेल, चुलीवरचा आमटीचा टोप दिसला असेल, गेल्या वर्षी बाळंतपणात मध्यरात्री टेम्पो काढून तिला भोरला पोचवणारा ज्ञानू दिसला असेल. "न्हाई ओ आत्या," ती म्हणाली, "मला तर काईच दिसत न्हाई." आणि लुगडं खोचून ती पहिली चिखलात उतरली.

मग सगळ्याच उतरल्या. एकीनं मागून विचारलंही, कुणाचं गं हे खाचर, आणि चार-पाच जणी एकदम म्हणाल्या, कुणास ठाऊक बाई, धुकं किती आहे.

ज्ञानू आणि रत्ना तरव्यापाशी रोपं उपटत होते. धुक्यातून एवढ्या खोळी अंगावर येताना बघून रत्ना घाबरलीच. तिला वाटलं, तुडवायला आल्या. ज्ञानू हात आडवे पसरून उभा राहिला. आक्का त्याच्यासमोर जाऊन थांबल्या.

"तू रं कशाला आमच्या खाचरात?"

ज्ञानूनं तोंड उघडलं.

"आलायस तर मुठी टाक पटापटा. बायका खोळंबल्यात."

ज्ञानूनं तोंड मिटलं. हा माणूस ग्रामसभेत बोलला होता, चहा पिऊन बोलला होता, पण त्या सकाळी तो एक शब्द बोलला नाही. आपल्याच खाचरात गड्यासारखा रोपांच्या मुठी टाकत राहिला. रत्ना ओळीत शिरली, आक्कांच्या शेजारी. आक्कांनी ओवी उचलली. त्यात त्यांनी वाटेल त्याला घेतलं, धुक्याला घेतलं, बहिऱ्या बैलाला घेतलं, चहा पिऊन न बदलणाऱ्या दिराला घेतलं, आणि बायका हसून हसून चिखलात बसायच्या बाकी राहिल्या. दुपार व्हायच्या आत सात खाचरं हिरवी झाली. आठव्याचे शेवटचे चार हात राहिले असतील, आणि वारा सुटला. धुकं असं उठलं की जणू कुणी पडदा ओढला.

बांधावर तात्या उभे होते. हातात काळी छत्री, मागं त्यांचा माणूस गेनू, आणि गेनूच्या मागं टोप आणि भाकऱ्यांच्या पाट्या डोक्यावर घेतलेली चार माणसं. तात्यांनी डावीकडं बघितलं. त्यांचं खाचर नुसतं चिखलाचं, मोकळं. उजवीकडं ज्ञानूचं, लावून झालेलं.

ओवी थांबली. बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. कुणी तात्यांकडं बघेना, सगळ्या आक्कांकडं बघत होत्या. तात्यांनी विचारलं, हे काय आहे.

"लावनी," आक्का म्हणाल्या.

"माझं खाचर ते हाय, आक्का."

आक्कांनी डोळ्यांवर हात धरून पल्याड बघितलं. "व्हय की. धुकं लई होतं."

गेनूला वाटलं, आपण काहीतरी केलं पाहिजे. तो पुढं झुकून म्हणाला, "तात्या, उपटायला लावू का?"

तात्या वळले ते इतके सावकाश, की गेनूचं तोंड पडायला तेवढा वेळ पुरला. तात्या म्हणजे पाच पिढ्या भात लावणाऱ्या घरातला माणूस. बावीस वर्षांत त्यानं खूप काही करून घेतलं असेल, पण हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते रागापेक्षा वेगळं होतं. देवळात कुणी चप्पल घालून शिरला तर येईल तसं.

"लावल्यालं भात उपटतो व्हय रं कुनी?"

बस. एवढं बोलून तात्या बांधावरच खाली बसले, छत्री उघडीच. आता पेच त्यांच्यासमोर होता आणि तो आक्कांनी सावकाश, शेवटची मूठ लावता लावता समजावून सांगितला. भोंग्यावर सांगितलं ते मागं घ्यायचं नाही. भोंग्यावर इर्जिक तात्यांची सांगितली होती. म्हणजे ही झाली ती तात्यांचीच. तात्यांची पाळी संपली, आता त्यांचं मोकळं खाचर सगळ्यांच्या शेवटी. आणि ज्याच्या खाचरात गाव आलं त्याला पुढच्या सगळ्या इर्जिकींना जावं लागतं, ते काही तात्यांनी केलेलं नाही, ते आज्याच्या आज्यापासूनचं आहे. तेव्हा उद्यापासून रत्ना येणार. आणि तूर्तास भूक लागली आहे.

जेवण इर्जिकवाल्यानं स्वतःच्या हातानं वाढायचं असतं. तात्या उठले. त्यांनी छत्री गेनूच्या हातात दिली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पळी घेतली. ज्ञानूच्या बांधावर ओळीनं बायका बसल्या, मधे ज्ञानू, आणि तात्या वाकून वाढायला लागले. आता इर्जिकीच्या जेवणाची एक रीत आहे, वाढणाऱ्याला नावं ठेवायची. तेवढ्यापुरतं कुणीही काहीही बोलावं, धन्यानं ऐकून घ्यावं. तात्यांच्या खाचरात ही रीत बावीस वर्षं कुणी पाळली नव्हती. तिथं जेवण नेहमी छानच असायचं.

कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, भाकरी पातळ आहे, पलीकडचा डोंगर दिसतो. कुणी हसलं, पदर तोंडावर घेऊन. तात्या पुढच्या पत्रावळीकडं सरकले. मग दुसरी म्हणाली, आमटीत डाळ पोहायला शिकतीय. तिसरी म्हणाली, वांग्याचे देठच आमच्या वाट्याला आले, वांगी तात्यांच्या घरी राहिली वाटतं. सुलक्षणाही हसत होती, स्वयंपाक तिचाच असून. एक-एक करत सगळ्या सुटल्या. तात्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "खा की मुकाट," ते म्हणाले, पण तो हुकूम नव्हता, आणि कुणी मुकाट खाल्लं नाही.

पळी रत्नापुढं आली. हसणं थांबलं. तात्यांचा हात क्षणभर टोपातच राहिला. ती खाली बघत होती. मग त्यांनी आमटी वाढली, नीट, सांडू न देता. रत्नानं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास घेतला. सगळी ओळ तिच्याकडं बघत होती. तिच्या शेजारी आक्का बसलेल्या, चिखलानं कोपरापर्यंत माखलेल्या.

"तात्या," रत्ना म्हणाली, "मीठ कमी हाय."

तात्यांनी आक्कांकडं बघितलं. आक्कांनी आपल्या पत्रावळीतली आमटी बोटानं चाखली, विचार केला, पुन्हा चाखली. "कमीच हाय," त्या म्हणाल्या.

वाडी तिथून अर्धा तास चढाची. तात्यांनी वर बघितलं, मग ओढ्याकडं बघितलं. पन्नास पावलांवर एकच घर होतं, त्याच्या दारात दोन बैल बांधलेले.

"गेनू," तात्या म्हणाले, "पळ. ज्ञानूच्या घरनं मीठ आन."